एलआयसीवाला कोणाचा माणूस?

विमा एजंट हा मराठी विनोदाचा जुना बकरा आहे. दारात त्याची मोटारसायकल थांबली की घरधनी परसदारी गायब होतो, आणि लग्नाच्या पंगतीत तो शेजारी येऊन बसला तर जिलबी घशाखाली उतरत नाही. हे विनोद शहरातले. शहरात एजंट परका असतो, त्याला टाळता येतं. सिरसाळ्यासारख्या गावात टाळायची सोय नसते, कारण तो तुमच्या चुलत भावाचा साडू असतो, किंवा तुमच्या पोराचे मास्तर, किंवा मास्तरांची बायको. मास्तरांच्या बायकोबद्दल पुढे बोलू.

सिरसाळा हे परळी तालुक्यातलं, परळीहून तेलगावमार्गे बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं बाजाराचं गाव. आसपास वीटभट्ट्या आहेत, कारण परळीच्या औष्णिक वीज केंद्राची राख इथून जवळ पडते. एमआयडीसीची घोषणा झालेली आहे. रानात कापूस आणि सोयाबीन. दसरा-दिवाळी आटोपली की भोवतालच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. भट्टी, ट्रॅक्टर-ट्रॉली, कोयता, विहीर, वीज, साप. ज्याला आयुर्विम्याची खरी गरज आहे असा माणूस शोधायचा झाला तर याहून योग्य मुलूख सापडणार नाही. आणि हप्ता वेळेवर भरू न शकणारा माणूस शोधायचा झाला तरी हाच मुलूख. एजंटाची सगळी कमाई आणि सगळा मनस्ताप या दोन गोष्टींच्या मध्ये आहे.

१९३८च्या विमा कायद्याच्या चौकटीत एजंटाला एका वेळी एकाच आयुर्विमा कंपनीचं काम करता येतं. सिरसाळ्यात ती कंपनी बहुधा एलआयसी असते. खासगी कंपनीचा माणूसही भेटतो, पण गाव त्यालाही 'एलआयसीवाला'च म्हणतं. हे बांधलेपण म्हणजेच एजंटाचं दुखणं, असं विमाक्षेत्रावर लिहिणारे सांगतात. त्याला चार कंपन्यांच्या पॉलिसी विकू द्या, मग तो गिऱ्हाइकाच्या हिताचं बोलेल, असा युक्तिवाद आहे. २०२५च्या डिसेंबरात संसदेने विमा कायद्यात मोठी दुरुस्ती करून परदेशी गुंतवणुकीची मर्यादा शंभर टक्क्यांवर नेली. एजंटाला अनेक कंपन्यांची मोकळीक देण्याची तरतूद मात्र तिच्यात आली नाही, आणि आर्थिक वर्तुळात त्याबद्दल हळहळ झाली. मला ती हळहळ पटत नाही. चार कंपन्यांचं कमिशन पुढ्यात ठेवलं की एजंट सर्वात जास्त कमिशनची पॉलिसी काढेल, एवढंच होईल. त्याला जखडून ठेवणारी गोष्ट कंपनीच्या नावात नाहीच. ती पैसे कधी आणि कशाचे मिळतात यात आहे.

आधी थोडा इतिहास, कारण हे सगळं गावासाठीच उभं राहिलं होतं. १९ जानेवारी १९५६ला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. त्यातून उभ्या राहिलेल्या आयुर्विमा महामंडळात २४५ लहानमोठ्या संस्था विलीन झाल्या. सातारच्या अण्णासाहेब चिरमुल्यांनी उभी केलेली वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स ही आपल्या मातीतली कंपनीही त्यांतली एक. विमा शहरांबाहेर न्यायचा, खेड्यातल्या माणसाची बचत सुरक्षित करायची, हा राष्ट्रीयीकरणाचा एक घोषित हेतू होता. १ सप्टेंबर १९५६ला महामंडळ सुरू झालं तेव्हा स्वतः देशमुख मंत्रिमंडळात नव्हते, मुंबईच्या प्रश्नावर जुलैतच त्यांनी राजीनामा दिला होता. आणि सिरसाळा त्या दिवशी हैदराबाद राज्यात होतं. मुंबई राज्यात ते आलं १ नोव्हेंबरला, म्हणजे एलआयसीपेक्षा दोन महिन्यांनी उशिरा. आज एलआयसीचे चौदा लाखांहून जास्त एजंट आहेत, आणि खेड्यापर्यंत विमा गेला असेल तर तो या माणसांच्या चपला झिजून गेला. शाखा तालुक्याला थांबते. पुढचा रस्ता त्यांचा.

आता पैशाचं बघू. वर्षाला १२,००० रुपये हप्त्याची लांब मुदतीची पॉलिसी घ्या. सप्टेंबर २०२४पर्यंत एजंटाला पहिल्या वर्षी बोनस कमिशन धरून ३५ टक्के मिळत, म्हणजे ४,२०० रुपये. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात टक्के, म्हणजे ९००. चौथ्या वर्षापासून पाच टक्के, ६००. ही पॉलिसी वीस वर्षं चालवायची. वर्षाकाठी आठवण करायची, पावती पोचवायची, पत्ता बदलला की अर्ज द्यायचा, पोरीच्या लग्नाला पॉलिसीवर कर्ज काढून द्यायचं, बँक बदलली की खातं जोडून द्यायचं. यातल्या कशाचेच वेगळे पैसे नाहीत. काम वीस वर्षांचं आणि मोबदल्याचा मोठा घास पहिल्याच वर्षी, अशी ही बांधणी. तिच्यात एजंटाचं डोकं कुठे चालेल हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

त्यात मार्च येतो. विकास अधिकाऱ्याला, म्हणजे सगळे ज्यांना 'डीओ साहेब' म्हणतात त्यांना, वरून आकडा आलेला असतो. एजन्सी टिकवायची तर वर्षाला किमान बारा माणसांचा विमा काढावाच लागतो. बारा हा आकडा लहान वाटेल. पण ज्या गावात कापसाचा भाव पडला आहे आणि कारखान्याचं बिल निघालेलं नाही, तिथे बारावा माणूस शोधताना एजंट स्वतःच्या मेव्हण्याच्या दारात जातो. मेव्हणा म्हणतो, "काढा पॉलिसी, पण पयला हप्ता तुमीच भरा दाजी." दाजी भरतात. गिऱ्हाइकाला कमिशनमधून सूट देणं हा विमा कायद्याच्या कलम ४१खाली गुन्हा आहे आणि २०१५च्या दुरुस्तीनंतर दंड दहा लाखांपर्यंत आहे. तरी "किती सोडता?" हा प्रश्न सिरसाळ्याच्या बाजारात वांग्याच्या भावाइतका उघड विचारला जातो.

इथे मास्तरांच्या बायकोचा प्रवेश होतो. सरकारी नोकराला एजन्सी घेता येत नाही, म्हणून एजन्सी बायकोच्या नावावर आणि धंदा मास्तरांचा, ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. मास्तरांची पगाराची बाजू भक्कम असते, गिऱ्हाइकं शिक्षक-खोलीतच बसलेली असतात, आणि पहिल्या वर्षाचं अख्खं कमिशन सोडून दिलं तरी त्यांची चूल विझत नाही. ज्याचं पोट याच धंद्यावर आहे तो या भावात टिकणार कसा? माझ्या ओळखीचे एक एजंट आहेत. त्यांना सारं गाव 'सर' म्हणतं, जन्मात कधी शाळेत शिकवलेलं नसताना. त्यांचं म्हणणं असं, की खासगी कंपन्यांनी त्यांचं जेवढं गिऱ्हाईक तोडलं नाही तेवढं मास्तरांनी तोडलं. त्यांच्या म्हणण्यात चीड किती आणि हिशेब किती हे मला ठरवता आलेलं नाही, पण हिशेब नक्की आहे.

सूट द्यायची ही चाल पॉलिसी बंद पडण्याशी थेट जोडलेली आहे. ज्याने पहिला हप्ता खिशातून भरलाच नाही, त्याला दुसरा हप्ता भुर्दंड वाटतो. पॉलिसी बंद पडते. एलआयसीच्या स्वतःच्या आकड्यांत, पाच वर्षांनंतर चालू राहिलेल्या पॉलिसींचं प्रमाण संख्येने मोजलं तर निम्म्याच्या आसपास भरतं. राहिलेल्या निम्म्यांना ना संरक्षण मिळालं ना धड बचत. एजंटावरचा खरा आरोप हा आहे, आणि त्याची बाजू घेताना तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

शहरातले आर्थिक सल्लागार दुसराच आरोप करतात. एजंट 'टर्म' विकत नाही, मनी बॅक आणि एंडोमेंट विकतो, ज्यात परतावा पाच-सहा टक्क्यांच्या वर क्वचित जातो. गणित बरोबर आहे. टर्म विमा घ्या, उरलेले पैसे म्युच्युअल फंडात टाका. हा सल्ला सिरसाळ्याच्या चावडीवर सांगून बघा. "मेल्यावरच मिळणार? मंग जित्त्यापणी मला काय?" हा प्रश्न येतो, आणि तो अडाणी प्रश्न नाही. ज्याच्याकडे जगण्यापुरताच पैसा आहे त्याला हप्त्याच्या बदल्यात कधीतरी काहीतरी हातात यावं असं वाटणारच. शिवाय तुलना चुकीच्या गोष्टीशी होते. या भागात एंडोमेंटची स्पर्धा म्युच्युअल फंडाशी कधी नव्हतीच. तिची स्पर्धा भिशीशी, पिग्मीशी आणि मल्टिस्टेटच्या ठेवीशी आहे. पर्ल्सच्या पीएसीएलचे एजंट गावोगाव फिरत होते. २०१४ साली सेबीने त्या कंपनीला लोकांचे पैसे परत करायला सांगितलं आणि ते मिळवण्यासाठी लोक वर्षानुवर्षं कागदपत्रं घेऊन हिंडले. बीडमध्येच जन्मलेल्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या ठेवीदारांनी २०२३च्या अखेरीपासून काय भोगलं ते जिल्ह्याला सांगायला नको. बारा-तेरा टक्क्यांच्या मोहात जन्माची पुंजी अडकलेल्या माणसाला पाच टक्क्यांची एलआयसी किती मोलाची वाटते, हे पुण्यातल्या एक्सेल शीटमध्ये दिसत नाही.

त्या संस्थांचे एजंटही याच गावातले होते, हे मात्र विसरू नये. तेही कोणाचे तरी साडू आणि कोणाचे तरी मास्तर होते. संस्था बुडाल्यावर वरची माणसं तुरुंगात किंवा कोर्टात गेली, आणि गावातला एजंट गावातच राहिला, रोज त्याच माणसांच्या नजरेसमोर. विमा एजंटाचं काम त्यामुळे आणखी अवघड झालं. आपल्या कंपनीच्या मागे कोण उभं आहे हे त्याला आता दोन-दोनदा सांगावं लागतं.

'विमा' या शब्दाचंच नाव इथे पीक विम्याने खराब केलेलं आहे. २०२०च्या खरिपात बीडचं पीक विम्याचं काम कोणतीच कंपनी घ्यायला तयार नव्हती. शेवटी ते भारतीय कृषी विमा कंपनीकडे ८०-११०च्या सूत्राने गेलं, त्यालाच पुढे 'बीड पॅटर्न' म्हणाले. भरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा बोजा सरकारचा, आणि ८० टक्क्यांच्या आत राहिली तर कंपनीने २० टक्के ठेवून बाकी सरकारला परत करायचं. २०२३मध्ये एक रुपयात पीक विमा आला, बोगस अर्जांचा पाऊस पडला, त्यात बीडचं नाव राज्यभर गाजलं, आणि २०२५मध्ये ती योजना गुंडाळली गेली. यातून गावाने जो धडा घेतला तो असा, की विमा म्हणजे कंपनीने नाकारायचा किंवा आपण लाटायचा पैसा. आयुर्विम्याच्या एजंटाला या समजुतीच्या वर चढून बोलावं लागतं.

आता त्याच्या धंद्यातल्या त्या दिवसाकडे येऊ, ज्याच्यासाठी हे सगळं आहे. समजा, निपाणीच्या पुढे कर्नाटकात उसाची ट्रॉली उलटली आणि सिरसाळ्याजवळच्या तांड्यावरचा तिशीतला गडी गेला. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते, ती एकवीस दिवसांत व्हावी लागते आणि दाखला येतो कानडीत. अपघात आहे म्हणून पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो, तोही तिकडचा. टोळी तर प्रेत गाडीत घालून त्याच रात्री गावाकडे निघालेली असते. मुकादमाला पुढची खेप पडलेली असते. मग पॉलिसीवर नाव 'बालासाहेब', आधारवर 'बाळू', दाखल्यावर तिकडच्या लेखनिकाने ऐकलं तसं काहीतरी तिसरंच. पॉलिसीचा मूळ कागद पेटीत असतो आणि पेटीची किल्ली मयताच्या कमरेला होती. पॉलिसी निघून तीन वर्षं झाली नसतील तर चौकशी लागते. वारस म्हणून बायकोचं नाव आहे, पण तिचं बँकखातं माहेरच्या नावाने आहे. दाव्याचा अर्ज, म्हणजे ३७८३ नंबरचा फॉर्म, भरायला तिला येत नाही. तो एजंट भरतो. नाव एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र तो करवून घेतो, तिकडच्या ग्रामसेवकाला फोन करतो, न जमल्यास स्वतः जातो.

या कामाचे त्याला किती मिळतात? काहीच नाही. उलट माणूस गेला की त्याच्या पॉलिसीवरचं पुढचं कमिशन बंद होतं. कंपनीच्या हिशेबात क्लेम हा एजंटाच्या उत्पन्नातला खड्डा आहे. तरी सिरसाळ्यातला कोणताही जुना एजंट तुम्हाला स्वतःहून काही सांगायला बसला तर तो पॉलिसींच्या आकड्याचं सांगत नाही. अमक्याचा क्लेम कसा काढून दिला, शाखेतला अधिकारी कसा अडून बसला होता आणि आपण त्याला नियमाचा कागद कसा दाखवला, हेच सांगतो. धंद्याची मिळकत म्हणून जे काही आहे ते इथे आहे, आणि ती निव्वळ भावनेची गोष्ट नाही. एक क्लेम नीट निघाला की त्या तांड्यावर पुढची पाच वर्षं त्याला पॉलिसी 'विकावी' लागत नाही.

क्लेममधून मिळणाऱ्या या मानातही एक फट पडली आहे. पूर्वी चेक यायचा. एजंट चार माणसांत, सरपंचाला शेजारी उभं करून तो विधवेच्या हातात द्यायचा, फोटो निघायचा. देखावा होताच, पण पैसा कोणाचा आहे हे गावाला कळायचं. आता रक्कम थेट खात्यात जाते आणि मेसेज फोनवर येतो. फोन दिराकडे असतो.

बँकेशी तुलना इथे करायला हवी. खासगी विमा कंपन्यांचा बराच धंदा आज बँकांच्या काउंटरवरून होतो. कर्ज पाहिजे? मग ही पॉलिसी घ्या. सही कुठे करायची ते दाखवलं जातं, बाकी काही सांगितलं जात नाही. तीन वर्षांनी त्या अधिकाऱ्याची बदली होते आणि पॉलिसी कोणी काढली हे बँकेलाही आठवत नाही. गावातल्या एजंटाची बदली होत नाही. त्याने फसवलं तर फसवलेल्या माणसाच्या घरच्या दहाव्याला त्यालाच जाऊन बसायचं असतं. नियामकाच्या शंभर परिपत्रकांपेक्षा हा धाक मला जास्त भरवशाचा वाटतो. एजंट एका कंपनीला बांधलेला आहे, पण त्याहून घट्ट गावाला बांधलेला आहे.

मात्र गावाशी असलेल्या याच नात्याच्या जोरावर तो नको असलेली पॉलिसीही गळ्यात घालू शकतो. मेव्हण्याला 'नाही' म्हणता येत नाही, मास्तरांना तर नाहीच. ओळखीने काढलेली पॉलिसी ओळखीपुरती एक-दोन वर्षं चालते. ज्या नात्यामुळे क्लेम निघतो त्याच नात्यामुळे निम्म्या पॉलिसी अकाली मरतात, आणि यातलं एक ठेवून दुसरं टाकून देता येत नाही. नातं कुठल्या बाजूला झुकेल हे एजंटाच्या सज्जनपणावर सोडून देणं मला मान्य नाही. ते पैशाच्या बांधणीने ठरवलं पाहिजे.

(या बांधलेपणात आडनावांचंही सांगायला हवं. गेल्या काही वर्षांत या जिल्ह्यात कोणाच्या हॉटेलात चहा प्यायचा हे आडनाव बघून ठरायला लागलं. २०२५मध्ये बीड पोलिसांनी आपल्या टेबलांवरच्या पाट्यांवरून आडनावंच काढून टाकली. एजंटाला पॉलिसीच्या अर्जावरून आडनाव काढता येत नाही. पण जुन्या एजंटाची वही उघडली तर तीत गावातलं प्रत्येक आडनाव सापडतं, आणि अशा वह्या या भागात आता फार उरलेल्या नाहीत.)

पैशाच्या या बांधणीत १ ऑक्टोबर २०२४पासून बदल झाला. पॉलिसी लवकर सोडणाऱ्या माणसाला जास्त पैसे परत मिळावेत असा नियम विमा नियामक आयआरडीएआयने केला, एक वर्ष हप्ता भरला तरी काहीतरी हाती येईल असा. त्याचा बोजा पेलायला एलआयसीने पहिल्या वर्षाचं कमिशन ३५वरून २८ टक्क्यांवर आणलं आणि चौथ्या वर्षापासूनचं पाचवरून साडेसात टक्के केलं. देशभर एजंट रस्त्यावर आले. आमच्या 'सरां'नीही काळी फीत लावली. त्यांचा राग समजतो. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षाचे ४,२०० गेले आणि ३,३६० आले, आणि पॉलिसी लवकर सोडली गेली तर दिलेलं कमिशन परत वसूल करण्याची भाषा वेगळीच. पण हिशेब पुढे नेला की चौथ्या वर्षापासून ६००चे ९०० होतात. पॉलिसी वीस वर्षं चालवणाऱ्या एजंटाला हा बदल फायद्याचा आहे. सूट देऊन पॉलिसी काढणाऱ्याला तो तोट्याचा आहे. एजंटांच्या संघटनांनी या बदलाला विरोध करताना दोघांना एकाच झेंड्याखाली उभं केलं, आणि मला वाटतं तिथे त्यांनी आपल्यातल्या चांगल्या माणसाचं नुकसान केलं.

ज्या गोष्टीसाठी खरंच रस्त्यावर यायला हवं होतं ती दुसरी होती. त्याच वेळी एंडोमेंटसारख्या योजनांमध्ये किमान विमा रक्कम एक लाखाची दोन लाख झाली. शहरात याची कोणी दखलही घेतली नाही. सिरसाळ्यात एक लाखाची पॉलिसी हीच गरिबाची पॉलिसी होती. हप्ता दुप्पट झाला आणि भट्टीवरचा मजूर बाहेर पडला. त्याला आता सांगितलं जातं की प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा आहे ना, वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचं संरक्षण. योजना चांगलीच आहे. पण तिचा हप्ता मेच्या अखेरीस खात्यातून आपोआप कापला जातो, कारण तिचं वर्ष १ जूनला सुरू होतं. ऊसतोडीची टोळी तोवर घरी आलेली असते, कमाई आगाऊ घेतलेल्या उचलीत वळती झालेली असते आणि खात्यात शंभर-दोनशे रुपये असतात. हप्ता कापला जात नाही, विमा गुपचूप संपतो, आणि हे सांगायला दारात कोणी येत नाही, कारण सांगण्याचं काम कोणाचंच नाही. हप्ता चुकला की दारात येणारा, कटकट करणारा, नकोसा वाटणारा माणूस कशासाठी असतो, ते इथे कळतं.

याच हिशेबातला आणखी एक कागद आहे. १८७४चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा. या कायद्याखाली नवऱ्याने पॉलिसी काढताना एक जादा फॉर्म भरून दिला, तर ती रक्कम बायको-मुलांची होते. ती त्याच्या मालमत्तेत धरली जात नाही आणि त्याच्या देणेकऱ्यांना तिच्यावर हक्क सांगता येत नाही. ज्या मुलखात कर्ता पुरुष उचल घेऊन घराबाहेर पडतो आणि तो गेल्यावर दहाव्याच्या आत मुकादम हिशेबाची वही घेऊन अंगणात बसतो, तिथे प्रत्येक पॉलिसी या कायद्याखाली निघायला हवी. फॉर्मला पैसे पडत नाहीत. तरी तो भरलेला क्वचित दिसतो. एक तर पुढे त्या पॉलिसीवर नवऱ्याला स्वतःसाठी कर्ज काढता येत नाही, आणि कर्ज हेच गिऱ्हाइकाला पॉलिसीचं मोठं आकर्षण असतं. दुसरं म्हणजे एवढं समजावून सांगण्याचे एजंटाला काही मिळत नाही. त्याने ते सांगितलं तर मुकादम अंगणातून उठेलच असं नाही, कायद्याची वही आणि मुकादमाची वही यांत गाव कोणती मानतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण दिराच्या हातातल्या फोनपुढे त्या बाईच्या बाजूने बोलणारा एक कागद तरी असेल.

२० जानेवारी २०२५ला एलआयसीच्या ४,५२,८३९ एजंटांनी चोवीस तासांत ५,८८,१०७ पॉलिसी काढल्या आणि गिनीज बुकात नाव लागलं. सिरसाळ्यातही त्या दिवशी धावपळ झाली असणार, मेव्हणे सापडले असणार. त्यातल्या किती पॉलिसींचा तिसरा हप्ता भरला जाईल याचा विक्रम कोणी ठेवणार नाही. गंमत अशी की पैशाची बांधणी कशी बदलायची हे एलआयसीला माहीत आहे. डिसेंबर २०२४मध्ये सुरू झालेल्या विमा सखी योजनेत दहावी पास बाईला पहिल्या वर्षी महिना ७,००० रुपये, पुढे ६,००० आणि ५,००० मिळतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मानधनाला अट आहे की आधीच्या वर्षी काढलेल्या पॉलिसींपैकी किमान ६५ टक्के चालू असायला हव्यात. पॉलिसी काढण्याला पैसे नाहीत असं नाही, पण ती जिवंत ठेवण्यालाही पैसे आहेत. नव्या बाईला जो नियम लागू होतो तो तीस वर्षं झिजलेल्या 'सरां'ना का नको? आणि क्लेमच्या कामाचं ठरीव शुल्क का नको, दाव्याच्या रकमेशी न जोडलेलं, कागद पूर्ण करून दिल्याचं?

शाखेत हा प्रश्न विचारला तर ठरलेलं उत्तर येतं. क्लेमवर पैसे ठेवले तर एजंट खोटे क्लेम काढतील, पीक विम्यात काय झालं ते बघा. पीक विम्यात अर्जाच्या संख्येवर पैसे होते, अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाला प्रत्येक अर्जामागे चाळीस रुपये. आजचं पहिल्या वर्षाचं कमिशन त्याच जातीचं आहे, तेही अर्जावरच मिळतं. गिऱ्हाइकाचा मधुमेह अर्जात लपवण्याचा मोह एजंटाला आज होतो, कारण त्याचे पैसे अर्ज मंजूर झाल्यावर मिळतात आणि क्लेम नाकारला गेला तरी ते परत जात नाहीत. नाकारलेला क्लेम ज्याच्या खिशाला लागतो तो माणूस अर्ज भरतानाच विचारेल, "साखर हाय का बप्पा तुमाला? खरं सांगा." सिरसाळ्यात हा प्रश्न विचारण्याची ऐपत फक्त त्याच्याकडे आहे, कारण बप्पांच्या घरी सणाच्या पंगतीत गोड कोणाच्या ताटात वाढत नाहीत, हे त्याने डोळ्यांनी बघितलेलं असतं.